चार मिनिटांचं तारण

पिठाच्या गिरणीत पूर्वी जिथे वजनकाटा होता, तिथे आता कर्जाची पेटी बसवली होती. उंची कमरेएवढी, वर काच, काचेत बोट ठेवायला खाच. अंगावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: कागद नको, जामीन नको, मागचं काही विचारणार नाही. चार मिनिटं बोला, पैसे घेऊन जा.

महानंदा बिराजदारनं ते दोनदा वाचलं. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी बघितलेला तिला खपत नसे. म्हणून चष्मा पुसल्याचं सोंग करत ती उभी राहिली. सोलापूरकडच्या कितीतरी घरांत आईला अव्वा म्हणतात. महानंदा तर कडक भाकरीच्या शेडमधल्या बावीस बायकांची अव्वा होती. तिच्या हाताखाली रोज अडीच हजार भाकऱ्या थापल्या, भाजल्या, वाळवल्या जात आणि पापडासारख्या कडक होऊन पुण्याला जात. तिनं आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता आणि हे ती येता-जाता ऐकवायचीही.

पण भट्टी फुटली होती. नवीला पंचवीस हजार लागत होते. बँकेतल्या पोरानं तिचं नाव दाबून पाहिलं आणि मान हलवली. सहा वर्षांपूर्वी अव्वा एका बाईला जामीन राहिली होती. ती बाई गाव सोडून गेली आणि डाग मागे ठेवून गेली. अव्वानं त्या पोराला विचारलं, की बाबा, तुझ्या डब्याला माझा डाग दिसतो, माझ्या बावीस बायका दिसत नाहीत होय? पोरगं हसलं. पण कर्ज दिलं नाही.

म्हणून ती पेटी.

सोबत रुबीना होती. शेडमध्ये भाकऱ्या मोजून पिशव्यांत भरायचं आणि फोनवरचं सगळं बघायचं काम तिच्याकडे असे. पेटी कशी चालते ते तिनंच समजावून सांगितलं. काचेखालचा हिरवा उजेड बोटातून आत शिरतो. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त भरतं आणि ओसरतं, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. म्हणजे नाडीच, फक्त वैद्याऐवजी उजेड बघतो. आपण बोलत असताना कुठल्या शब्दाला नाडी दचकली ते पेटी टिपते. आणि शेवटी विचारते, अडचणीत ज्यांच्याकडे जाल अशा तीन माणसांची नावं सांगा. ज्या नावाला ठोका सगळ्यात जास्त चुकेल, ते माणूस म्हणजे आपलं तारण. सोनं नको, घर नको. ज्याच्यासमोर आपली मान खाली जाते ते माणूस कंपनीला पुरतं.

“मग जवळच्यांची नावं द्यायचीच नाहीत, अव्वा,” रुबीना म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी बोलणं तुटलेल्यांची दिलीत. मी सवतीचं दिलं. कंपनीनं तिला खुशाल छळावं.”

शेडमध्ये ही शक्कल घरोघरी झाली होती. कुणी भांडलेल्या नणंदेचं नाव दिलं होतं, कुणी पळून गेलेल्या नवऱ्याचं. अव्वाला शक्कल पटली. तिनं काचेवर बोट ठेवलं. पेटीनं आधी इकडचं तिकडचं विचारलं. आज काय जेवलात, शेवटचं कुणावर चिडलात, लहानपणी कशाला घाबरायचात. अव्वा ऐटीत बोलत गेली. मग नावं. तिनं अक्कलकोटच्या जावेचं दिलं, जिच्याशी वाटणीवरून वाजलं होतं. शेडच्या जुन्या मालकाचं दिलं. आणि तिसरं, “मल्लिनाथ, आमचा मल्लू. नऊ वर्षं बोलणं न्हाई.”

नंबर तिनं न बघता सांगितला. नऊ वर्षांत तो एकदाही लावला नव्हता. चुकून त्याच्यावरून आलेला फोन उचलला जाऊ नये म्हणून पाठ होता, असं ती स्वतःलाच सांगत आली होती.

मल्लिनाथ तिचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांपूर्वी ज्वारीच्या पिंपात ठेवलेले चाळीस हजार नाहीसे झाले. नवऱ्यानं विचारलं तेव्हा अव्वा म्हणाली, विचारा तुमच्या लाडक्याला. पोराची संगत तेव्हा बरी नव्हती, त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं. बापानं कमरेचा पट्टा काढला. दुसऱ्या दिवशी मल्लू घर सोडून गेला. बाप दोन वर्षांनी वारला तेव्हा तो आला होता, पण अंगणाच्या बाहेर उभा राहिला आणि तसाच निघून गेला.

ते पैसे मल्लूनं घेतले नव्हते. अव्वानं ते आपल्या भावाला दिले होते. भाऊ मटक्यात बुडाला होता आणि माणसं त्याच्या दारात कोयते घेऊन उभी होती. माहेरची अब्रू नवऱ्यापुढे उघडी पडू नये म्हणून तिनं पोराचं नाव पुढे केलं. आज नाही तर उद्या खरं सांगू, असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. तोवर भाऊही गेला. आता ही गोष्ट जगात एकट्या अव्वाला ठाऊक होती.

काळीज दचकलं एवढंच पेटीला कळलं. का दचकलं ते तिला कळायची सोय नव्हती.

पैसे दहा मिनिटांत आले. भट्टी आली. दर सोमवारचा हप्ता अव्वा दोन महिने न चुकता भरत राहिली. मग पुण्याच्या दुकानदारानं पैसे अडकवले आणि तीन सोमवार कोरडे गेले.

अव्वा वसुलीवाल्यांची वाट बघू लागली. दारात मोटरसायकल थांबली की हातातला गोळा काठवटीतच राही. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. ती भल्याभल्यांना उभं सोलायची, दोन पोरांचं काय. पण कुणी आलंच नाही. चौथ्या सोमवारी फोनवर दोन ओळी आल्या: हप्ता मिळाला. आभारी आहोत.

तिनं भरला नव्हता. रुबीनानं भरला नव्हता. पाचव्या सोमवारी पुन्हा तसंच. सहाव्या. मग एक दिवस आलं: कर्ज पूर्ण फिटलं, अभिनंदन. रुबीना म्हणाली, कुणी का भरेना, सुटलात. पण अव्वाची झोप गेली. फुकट काही सुटत नाही, हे तिला न शिकताही माहीत होतं. जावेला तिनं आडून आडून विचारलं. तिला कुणी फोन केला नव्हता. जुन्या मालकालाही नाही. राहिलं एकच नाव.

गुरुवारी सकाळी ती रुबीनाला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली. काचेमागे एक मुलगी बसली होती, गोड बोलणारी, नखं रंगवलेली. अव्वानं विचारलं, माझे पैसे कुणी भरले? मुलीनं नाव आणि पूर्ण पत्ता वाचून दाखवला: मल्लिनाथ बिराजदार, हडपसर.

“त्याला मागायला कुणाला पाठवलं होतं?”

“कुणालाच नाही, मावशी. तुम्हीच मागितले.”

आणि मुलीनं ऐकवलं.

आवाज अव्वाचा होता. तिच्यासारखा नव्हे, तिचाच. बोलायच्या आधी नाकातून घेतलेला श्वास, पुढच्या दातांच्या फटीतून सुटणारी हवा, ‘मल्लू’मधला ओढलेला ऊकार. तो आवाज म्हणत होता, “मल्लू, मी बोलते. ठेवू नको रे. नऊ वर्षं रोज तुझं ताट वाढून बसते मी. चुकलं माझं. लई बोलले मी तुला.” आणि मग तो आवाज रडला.

 नवरा गेला तेव्हाही ती चारचौघांत अशी रडली नव्हती. आणि इथे, रंगवलेल्या नखांच्या पोरीसमोर, तिचा आवाज हुंदके देत होता.

मुलीनं न अडखळता सगळं सांगितलं. चार मिनिटांत घसा, टाळू, नाक यांचा साचा मिळतो. एवढ्या साच्यावर काहीही वदवता येतं. करारातच तसं कबूल केलेलं असतं, सतराव्या कलमात. काय वदवायचं ते मात्र कुणी माणूस ठरवत नाही.

“यंत्राला खोटं बोलायला आम्ही शिकवलेलं नाही,” ती म्हणाली. “कुठलं वाक्य बोललं की समोरचा पैसे भरतो, एवढंच त्याला शिकवलंय. लाखो फोन करून ते आपलं आपण शोधतं.”

“कर्ज फिटलं की. मग आता बंद झालं असेल.”

मुलगी पडद्यावर वाचू लागली. मग म्हणाली, दर रविवारी बोलणं चालू आहे, कारण तिकडून प्रतिसाद चांगला आहे. आणि त्या गृहस्थांनी काल स्वतःच कर्जाचा अर्ज केलाय. दीड लाख. कारण लिहिलंय: आईचं हृदयाचं ऑपरेशन. पैसे शनिवारी सुटतील आणि आईच्या नावानं उघडलेल्या खात्यावर जातील. ते खातं कंपनीचंच. रद्द ते स्वतःच करू शकतात; तुम्हाला थांबवायचं तर अर्ज द्या, पंचेचाळीस दिवस लागतात.

बाहेर येऊन अव्वानं भिंतीला हात टेकला. दीड लाख गेले की पोरगं हप्ते भरत राहणार. एक चुकला की त्याचा आवाज उठून त्याच्या बायकोला फोन करणार, सासऱ्याला करणार. त्यांचा आवाज पुढच्यांना. देवीची साथ आल्यासारखं घरामागून घर. आणि सुरुवात तिच्या तोंडून झालेली.

तिनं फोन काढला आणि नऊ वर्षं पाठ असलेला नंबर पहिल्यांदा लावला.

“मल्लू, मी अव्वा बोलते. त्या पेटीतून पैसे उचलू नको. तुझ्याशी बोलते ती मी न्हाई.”

 पलीकडून त्याचा आवाज आला, जाड झालेला, बाप्यासारखा. फोनातल्या आईनं त्याला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्या आवाजात कुणी फोन करून भलतंसलतं सांगेल, हल्ली असली यंत्रं निघालीत, तू फसू नको. “माझी आई असं तोडून बोलत नाही आता,” तो म्हणाला. “परत फोन केला तर पोलिसात देईन.” आणि ठेवला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ती एकटी पुण्याला निघाली. रुबीना येते म्हणत होती, पण तिथे जे बोलावं लागेल ते अव्वाला कुणाच्या देखत बोलायचं नव्हतं. कुर्डूवाडीपर्यंत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. दौंड येईपर्यंत सगळी मोडली. समोर गेल्यावर तोंड बघूनच त्याला पटेल, असा तिनं धीर धरला. हाडामांसाची आई दारात उभी राहिल्यावर फोनातल्या आवाजाला कोण विचारतो.

दार मल्लूनंच उघडलं. कानाशी केस पिकायला लागले होते. त्यानं वाकून पाया पडून तिला आत घेतलं. बायकोला, उज्ज्वलाला, हाक मारली. उज्ज्वलानं पाणी दिलं आणि सांगितलं की हे रविवारची वाट बघत बसतात, आठवडाभर. सासूबाई इतक्या मायाळू असतील असं वाटलं नव्हतं. मग म्हणाली, एवढा जिना कशाला चढलात, डॉक्टरांनी चालायला बंदी केलीय ना?

अव्वानं पाणी खाली ठेवलं. तिनं सगळं सांगितलं. पेटी, काच, हिरवा उजेड, चार मिनिटं, कचेरीतली मुलगी. मल्लूनं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून तो हसला, वाईट नाही, कुणा आजाऱ्याकडे बघून हसावं तसं.

“तू हेच करशील असं तू म्हणाली होतीस,” तो म्हणाला.

आईनं त्याला फोनवर सांगितलं होतं: समोर आले की मी कबूल करणार नाही. मी रडले, मी पैसे मागितले, हे माझ्या तोंडून निघणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तू मनावर घेऊ नको, तुझं चालू ठेव. मल्लूला ते तंतोतंत पटलं होतं. अव्वा तशीच होती, हे अव्वापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार?

 पेटीनं तिला चार मिनिटांत ओळखलं होतं, आणि तिचा स्वभावच दाराला कडीसारखा लावून ठेवला होता. ती ओरडली असती तर ती जुनी अव्वा ठरली असती. गप्प बसली असती तरी तीच. इथे हाडामांसाला काही किंमत नव्हती.

“अव्वा, मी तुझ्यावर रागावलेलो नाही,” मल्लू म्हणाला. “त्या चाळीस हजारांचं मी कबूल केलं ना तुला. तू माफ केलंस ना. मग आता काय राहिलंय?”

“काय कबूल केलंस?”

त्यानं खाली बघितलं. उज्ज्वला आत निघून गेली. तो हळू सांगू लागला. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्यानंच पिंपातल्या पैशांचा विषय काढला, तेव्हा आई म्हणाली, घेतलेस ते घेतलेस, मी कधीच माफ केलं. तो पहिल्यांदा नाही म्हणाला. मग फोनवर शांतता पसरली, आणि त्याला वाटलं की आता ही पुन्हा जाणार. म्हणून तो म्हणाला, हो आई, मीच घेतले.

अव्वाच्या कानात काही वेळ नुसती चक्की फिरत राहिली. न केलेली चोरी पोरानं कबूल केली होती. आई मिळावी म्हणून.

तिच्याकडे एकच गोष्ट होती जी पेटीकडे नव्हती. तीच बोलली तर त्याला पटेल की आपण खरी. आणि तीच बोलली तर त्याला कळेल की खरी आई कशी आहे. गप्प राहिली तर दर रविवारी त्याला मायेनं विचारणारी कुणीतरी राहील, आणि तो भरत राहील, मरेपर्यंत. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. भट्टीशी चाळीस वर्षं बसून न भाजलेलं तोंड आता भाजत होतं.

“ते पैसे तू घेतले न्हाईस,” ती म्हणाली. “मी शिवशरणमामाला दिले. त्याच्या दारात कोयतेवाले होते. तुझ्या बापाला कळू नये म्हणून तुझं नाव मी सांगितलं. पट्टा पडत होता तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. भाकरी उलटली मी. करपली असती म्हणून.”

  मल्लूनं फोन उचलला आणि रविवारी ज्यावरून फोन येई त्या नंबरवर, ‘आई’ या नावावर, बोट ठेवलं. आवाज खोलीभर पसरला. उज्ज्वला दारात येऊन उभी राहिली.

“मल्लू, आज शुक्रवारी कशी आठवण झाली रे? जेवलास का?”

समोर बसलेल्या अव्वाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“आई,” मल्लू म्हणाला, “पिंपातले पैसे कुठे गेले होते?”

“तेच धरून बसलास होय? तू घेतलेस बाळा. लहान होतास. मी कधीच माफ केलंय. आता मनातून काढून टाक. उद्याचं काम तेवढं करून घे, डॉक्टर थांबलेत.”

त्यानं फोन बंद केला. मग पुन्हा उघडला, अर्ज शोधला, रद्द केला, आणि फोन पूर्ण विझवून टेबलावर पालथा ठेवला. परवा इथल्याच एका पेटीवर त्यानंही चार मिनिटं दिली होती, तीन नावं दिली होती, असं तो पुटपुटला. पण पैसे उचलले नाहीत, म्हणजे सुटलो.

“सुटलास,” अव्वा म्हणाली. तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी तिनं ओच्यात झेलून घेतली असती.

तो उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. “ती बरी होती,” तो म्हणाला. “तिनं मला न केलेल्याची माफी दिली. तू मला न केलेल्याची शिक्षा दिलीस. अव्वा, तू जा. दुपारची गाडी मिळेल.”

माफ कर, एवढं एक म्हणायचं राहिलं होतं. आवाजानं ते किती सहज म्हटलं होतं. अव्वाच्या तोंडात ते आलं, जिभेवर थांबलं, आणि साठ वर्षांची सवय त्याच्यावर बसून राहिली. ती पिशवी घेऊन बाहेर आली. मागे दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं, आणि कडीचा आवाज आला.

जिन्यात ऊन पडलं होतं. दोन पायऱ्या उतरून ती बसली. दारापलीकडे मल्लूची पावलं तिला ऐकू येत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याचा फोन टेबलावर विझलेला पडला होता, तिनं स्वतः पाहिला होता.

पिशवीत तिचा फोन वाजू लागला.

तिनं काढून पाहिला. नंबर पाठ होता, नाव वाचायचीही गरज नव्हती. त्यानं सांगितलेली तीन नावं कुठली, ते तिनं विचारलं नव्हतं. आता कळलं, एक तिचं होतं, आणि त्या नावाला ठोका चुकला होता. सगळ्यात जास्त.

घंटी वाजत राहिली. भिंतीपलीकडची पावलं थांबली नाहीत. खरा मल्लू तिथे होता, न बोलणारा, आणि कदाचित कधीच न बोलणारा. फोनात जो होता तो काय म्हणेल ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं. अव्वा, रडू नको, मी माफ केलं, जेवलीस का. मग कधीतरी थोडे पैसे मागेल.

 अव्वानं एकदा बंद दाराकडे पाहिलं, पदरानं तोंड झाकून घेतलं, कुणी बघू नये म्हणून, आणि फोन कानाला लावला.